रानटर्कीचा फोटो: आधी झाड शोधा, मग कॅमेरा काढा

इथे अमेरिकेत पहिल्या वसंतात मी रानटर्कीचे, म्हणजे इथल्या रानात फिरणाऱ्या कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याचे, शेकड्यांनी फोटो काढले आणि जवळजवळ सगळे पाठमोरे आले. शेताच्या कडेला टर्की दिसली की गाडी थांबवायची, दार उघडून उतरायचं, कॅमेरा डोळ्याला लावत चार पावलं पुढे जायचं. तोवर पक्षी वळून झाडीकडे निघालेला. पळतही नाही, चालतो. जेवणाच्या सुट्टीला निघालेल्या कारकुनासारखा, मागे न बघता. आपण वेग वाढवला की तोही वाढवतो, आणि मनावर घेतलं तर ताशी ४० किलोमीटरने पळतो.

मग चिपळूणहून आई आली. तिने जन्मभर गावठी कोंबड्या पाळल्या. गाडीच्या काचेतून माझा हा खेळ दोन दिवस बघितला आणि म्हणाली, "अगं, पकडायच्या कोंबडीच्या मागे दिवसा कोण धावतं? रात्री कुठे बसते ते बघून ठेवायचं."

टर्की रात्री झाडावर बसते. रोज संध्याकाळी चढते, रोज पहाटे उतरते. हे वेळापत्रक कळलं की फोटोचं निम्मं काम झालं.

पक्षी आणि मुलूख

मी राहते ते ईशान्य अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात, कनेटिकट नदीच्या खोऱ्यात. हॅडली, डीअरफील्ड ही इथली शेतीची गावं: मका, भोपळा, अ‍ॅस्परॅगस, तंबाखूची लाकडी कोठारं, आणि नदीपलीकडे माउंट टॉमचा डोंगर. या राज्यातली शेवटची मूळ रानटर्की १८५१ मध्ये याच डोंगरावर मारली गेली. शेतीसाठी जंगल गेलं, उरलेले पक्षी बंदुकीने गेले. पुढे पिंजऱ्यांत वाढवलेले पक्षी सोडून बघितले, पण ते रानात टिकले नाहीत. शेवटी १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून जाळी टाकून धरलेले ३७ रानपक्षी बर्कशायरच्या डोंगराळ भागात सोडले आणि ते मात्र रुजले. आज राज्यात पंचवीस हजारांहून जास्त टर्क्या आहेत, इतक्या की बॉस्टनच्या उपनगरांत त्या रस्ता अडवून उभ्या असतात. म्हणजे पक्षी दिसणं अवघड नाही. अवघड आहे तो तोंडासमोरून, त्याच्या मर्जीने दिसणं.

टर्की मोराच्याच कुळातली, त्यामुळे आपल्याला तिचं नाचणं ओळखीचं वाटतं. फरक एवढाच, की मोराचा पिसारा ही शेपटीवरच्या झाकणपिसांची लांबलेली झालर असते आणि टर्कीचा पंखा ही खरीखुरी शेपटी, साधारण अठरा पिसांची. हा पंखा नीट बघायला शिका. पंख्याची कड सलग अर्धगोल असेल तर पूर्ण वाढलेला नर. मधली काही पिसं बाकीच्यांपेक्षा वर आलेली असतील तर तो वर्षभराचा पोरगा, इथल्या भाषेत 'जेक'. मोठा नर 'टॉम'. त्याच्या छातीवरून घोड्याच्या केसांसारखी दाढी लोंबते. काही माद्यांनाही ती असते, तेव्हा फक्त दाढीवर विसंबू नका. मादी लहान, फिकट, तपकिरी, आणि तिच्या डोक्यावर बारीक पिसं असतात.

नराचं डोकं उघडं, आणि खरी मजा तिथे आहे. चिडला किंवा माजावर आला की कपाळ पांढरं, गाल निळे, गळा लालभडक. चोचीच्या मुळाशी असलेलं बोटभर मांस लांब होऊन चोचीवरून खाली लोंबतं. हे रंग काही क्षणांत बदलतात. जहांगीर बादशहाला याचं फार नवल वाटलं होतं: १६१२ मध्ये त्याचा सरदार मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या प्राण्यांत एक टर्की होती, आणि सरड्यासारखे रंग पालटणाऱ्या तिच्या डोक्याचं वर्णन त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पोर्तुगीज लोक टर्कीला 'पेरू' म्हणतात, हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला ते अजिबात पटलं नाही.

कधी जायचं: शिकारीच्या हंगामाचा हिशेब आधी

हे मी मुद्दाम कॅमेऱ्याच्या आधी लिहिते आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत वसंतात नर टर्कीची कायदेशीर शिकार होते, आणि शिकारी नेमकं तेच करतो जे आपल्याला करायचं असतं: अंधारात जाऊन झाडाला टेकून गप्प बसतो. मॅसॅच्युसेट्समध्ये हंगाम एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी सुरू होऊन साधारण चार आठवडे चालतो. न्यूयॉर्कमध्ये मे महिनाभर. तुमच्या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या तारखा आणि वेळा बघूनच बेत आखा.

नर मात्र मार्चच्या अखेरीपासूनच पंखा पसरून फिरायला लागतात. म्हणजे एप्रिलचे पहिले तीन आठवडे इथल्या फोटोवाल्यांची दिवाळी: नाच पुरा रंगात, झाडांना पालवी नाही म्हणून नजर दूरवर जाते, आणि बंदुका अजून कपाटात. मी माझे सगळे चांगले फोटो याच दिवसांत काढले आहेत.

हंगामात जायचंच असेल तर शिकारीला बंदी असलेली जागा निवडा. तसं जमलं नाही तर चालताना भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घाला. लाल, पांढरा, निळा यांतलं काहीही अंगावर नको, रुमालसुद्धा नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. टर्कीचा आवाज काढणारी शिट्टी वाजवू नका आणि रबरी टर्की मांडू नका. त्या आवाजाकडे टर्कीआधी शिकारी सरकत येऊ शकतो. बसताना पाठीमागे आपल्या खांद्यांहून रुंद बुंधा असू द्या. आणि कुणी शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने माणसाच्या आवाजात बोला. "हॅलो, इथे माणूस आहे!" पुरे. ती सकाळ वाया गेली म्हणून घरी चला.

संध्याकाळी: झाड हेरणं

जमिनीकडे बघत चालायला लागा. टर्की पाचोळा उकरते तेव्हा ओकच्या झाडाखाली जमीन कोंबड्यांनी उकरलेल्या परसासारखी दिसते, फक्त उकीर खूप मोठा. चिखलात तीन बोटांचं पाऊल सापडेल. दहा-अकरा सेंटिमीटरचं असेल तर बहुधा नर. विष्ठाही सांगते: नराची लांबट आणि टोकाला आकड्यासारखी वळलेली, मादीची गोळा झालेली. मातीच्या वाटेवर पावलांच्या दोन्ही बाजूंना बारीक समांतर रेघा दिसल्या तर तिथे थांबा. नर नाचताना पंखांची टोकं जमिनीला घासतो, त्याच्या त्या खुणा. तो रोज त्याच जागी नाचायला येण्याची शक्यता चांगली असते. कोरड्या मातीत वाटीसारखे खड्डे आणि त्यात एखादं पीस म्हणजे मातीस्नानाची जागा.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी शेत आणि जंगल यांच्या सीमेपासून लांब, गाडीतच बसा आणि कान उघडे ठेवा. उंच ओक किंवा पांढऱ्या पाइनवर चढताना पंखांचा जो धबाधब आवाज येतो तो एकदा ऐकला की विसरत नाही. आठ-नऊ किलोचा जीव फांद्या मोडत वर जातो. दिसलं नाही तर अंधार पडताना घुबडाच्या हाकेला कान द्या. घुबड ओरडलं, कावळा ओरडला, ढग गडगडला, अगदी गाडीचं दार आपटलं, तरी झाडावर बसलेला नर न राहवून 'गॉब्लॉब्लॉब्लॉब' करून उत्तर देतो. शांत हवेत हा आवाज दीड किलोमीटरवरूनही ऐकू येतो. दिशा मनात टिपा आणि निघा. झाडाखाली जाऊ नका. तिथे एकदा उठवलेला कळप दुसऱ्या रात्री दुसरीकडे बसतो आणि तुमची सगळी मेहनत फुकट.

शेत खाजगी असतं हे विसरू नका. फाटकावर नाव नसलं, कुंपण नसलं तरी विचारा. पेनसिल्व्हेनियात तर झाडांवरचे जांभळे पट्टेही 'आत येऊ नका' असंच सांगतात. मी दिवसाउजेडी दार वाजवून विचारते आणि मागच्या वर्षी काढलेला एक फोटो छापून सोबत नेते. नकार फार कमी वेळा मिळाला. एका शेतकऱ्याची अट एवढीच होती की अ‍ॅस्परॅगसच्या ओळींत पाय ठेवायचा नाही.

पहाटे: तुम्ही आधी, ती नंतर

सूर्योदयाच्या पाऊण-एक तास आधी जागेवर बसलेले असा. एप्रिलच्या मध्यात इथे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे पाचला तिथे. झाडापासून शंभर-दीडशे मीटर दूर, आणि झाड व मोकळं शेत यांच्या मधोमध नाही, तर त्या वाटेच्या बाजूला. सूर्य तुमच्या पाठीमागे किंवा खांद्यावरून येईल अशी बाजू आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

टर्कीचे डोळे दिवसा विलक्षण तीक्ष्ण असतात. रंग दिसतात, आणि डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान जराशी वळवली की चहूकडचं दिसतं. अंधारात मात्र तिला फारसं दिसत नाही, म्हणूनच तुम्ही अंधारात पोचायचं. तिला तुमचा कपडा दिसण्याआधी तुमची हालचाल दिसते. बंदुकीचा हंगाम नसेल तेव्हा मातकट कपडे, हातमोजे आणि तोंडावर पातळ ओढणी. हात आणि चेहरा हेच सगळ्यात जास्त चमकतात. बसायला जाड उशी घ्या. पाय अवघडला म्हणून हलवला, एवढ्यावर माझ्या तीन सकाळी गेल्या आहेत.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे शिकारी वापरतात तो घडीचा तंबू. उघड्या शेतात हा काळपट डबा मांडला तरी टर्क्यांना त्याचं काहीच वाटत नाही. आत काळा सदरा घाला आणि मागची खिडकी बंद ठेवा, नाहीतर तुमची सावलीसारखी आकृती मागच्या उजेडावर उमटते. तंबू नसेल तर गाडी. इंजिन बंद, काच अर्धी खाली, दारावर तांदूळ किंवा राजमा भरलेली कापडी पिशवी, तिच्यावर लेन्स. ज्या पक्ष्याने मला पायी कधी साठ मीटरच्या आत येऊ दिलं नाही, तो गाडीशेजारून पंधरा मीटरवरून गेला आहे.

उजाडताना आधी झाडावरून आवाज येतात. नर ओरडतो, माद्या हळू 'याऽक, याऽक' करतात. मग एकेक पक्षी जड पोत्यासारखा खाली उतरतो. उतरल्यावर लगेच शटर दाबू नका. कळप दोन-तीन मिनिटं मान ताठ करून आजूबाजूला बघतो. सगळ्या मानांनी खाली जाऊन चरायला सुरुवात केली की मग.

एक आवाज ओळखायला शिकाच: तुटक, कोरडा 'पट्'. आईला तो शिकवावा लागला नाही. तंबूत माझ्या मागे शाल गुंडाळून बसली होती, पुटपुटली, "घार बघितली त्यांनी." वर बघितलं तर खरंच ससाणा. तो 'पट्' तुमच्यासाठी असेल तर कॅमेरा खाली ठेवा, डोळे खाली करा आणि पाच मिनिटं श्वाससुद्धा हळू घ्या. कधी कधी त्या विसरतात.

सकाळी नऊ-दहाला निघून जाऊ नका. तोपर्यंत माद्या एकेक करून घरट्याकडे सटकतात, आणि एकटा पडलेला नर इकडून तिकडे ओरडत, नाचत फिरतो. उजेड थोडा कडक होतो, पण नर सगळ्यात जास्त नाटकं याच वेळेला करतो.

पावसाच्या रिमझिमीत तर नक्की जा. जंगलात पानांचा टपटपाट असला की टर्कीला धड ऐकू येत नाही, म्हणून ती उघड्या शेतात येते. ढगाळ उजेड पिसांना फार चांगला. जोराचा वारा असला तर मात्र झोपा.

कॅमेरा

लेन्स १००-४०० किंवा १५०-६०० मिलिमीटरची. पण लेन्सपेक्षा उंची महत्त्वाची. उभ्याने काढलेली टर्की म्हणजे गवतावर पडलेलं गाठोडं. पोटावर पडून, पक्ष्याच्या छातीच्या पातळीवरून काढा, म्हणजे पंखा आभाळाला किंवा झाडीच्या गडद पडद्याला भिडतो. मी लेन्सखाली घरातला जुना तवा ठेवते. गवतावरून सरकतो, चिखल आत येत नाही. नॉनस्टिक गेलेल्या तव्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

खरी अडचण उजेड मोजण्याची. अंग काळपट, कपाळ पांढरंफेक. काळ्या पक्ष्याने चौकट भरली की कॅमेरा त्याला अंधार समजून फोटो उजळ करतो आणि कपाळाचा पांढरा ठिपका जळून जातो. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे ०.७ पासून सुरू करा, पहिल्या दोन फोटोंत फक्त डोकं मोठं करून बघा, आणि रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. पिसांतला तपशील नंतर वर आणता येतो. जळलेलं कपाळ परत येत नाही. बर्फावर याच्या उलट, अधिक १ च्या आसपास.

नाचणारा नर संथ असतो, त्याला १/५०० सेकंदाचा शटर पुरेसा. ओरडताना मात्र मान झटक्यात पुढे फेकतो, तेव्हा १/१००० च्या वर. पूर्ण पंखा उघडून तुमच्याकडे तोंड केलं असेल तर चोच आणि पंख्याचं टोक यांत बरंच अंतर असतं. पुढचं-मागचं दोन्ही स्पष्ट यावं म्हणून लेन्सचं छिद्र बारीक करा, एफ ८ किंवा ११ वर जा. बाकी वेळी एफ ५.६ ठीक. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर टाका. फोकस डोळ्यावर. ती लोंबती मांसल सोंड बऱ्याचदा कॅमेऱ्याला फसवते, म्हणून डोळा ओळखणारा फोकस असला तरी लहान चौकोन तयार ठेवा.

पिसांतली तांबूस-हिरवी झळाळी रंगद्रव्याची नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाची. सूर्य तुमच्या मागे आणि खाली असेल तेव्हाच ती पेटते. पोलरायझर (चमक कापणारी फिल्टरची काच) लावलात तर विझू शकते. सूर्य समोर असेल तर झळाळी विसरा आणि वेगळा फोटो काढा: पंख्यातून गाळून येणारा उजेड, आणि थंड सकाळी आरवताना चोचीतून निघणारी वाफ. माझ्या भिंतीवर लावलेला एकमेव फोटो वाफेचा आहे.

शटरचा आवाज बंद करा. फ्लॅश नको. तुमचा स्वतःचा चेहरा उजळवणारा मागचा स्क्रीनही बंद.

काय करायचं नाही

दाणे टाकून बोलवायचं नाही. माणसाकडून खायला सवकलेली टर्की पुढे धीट होते, मग आक्रमक, आणि शेवटी तिला मारावं लागतं. मे-जूनमध्ये गवतातून मादी तुमच्या पायाशी उडाली तर तिथेच थांबा, घरटं शोधू नका, आल्या वाटेने मागे फिरा. जमिनीवरच्या त्या खळग्यात दहा-बारा अंडी असतात आणि ती अठ्ठावीस दिवस उबवते. वारंवार उठवली तर घरटं सोडूनही देते. पिल्लं बघायचीत तर जूनच्या अखेरीस कापलेल्या गवताच्या शेताकडे गाडीतून बघा. पिल्लं किडे टिपतात, आई पहारा करते. पंधरवड्यात ती झाडावर चढायला लागतात. हिवाळ्यात मोठाले कळप मक्याच्या खुंटांत आणि शेणखत पसरलेल्या शेतांत उतरतात. तेव्हा दुपारीही फोटो मिळतो.

आणि गोचीड. ईशान्य अमेरिकेत हरणांवरच्या बारीक गोचिडीमुळे लाइम रोग होतो, ज्याचं नावच कनेटिकटमधल्या लाइम गावावरून पडलं आहे. पोटावर पडून फोटो काढणाऱ्याला हा धोका सगळ्यात जास्त. कपड्यांना आणि बुटांना आधीच परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा, पँट मोज्यात खोचा, घरी येताच कपडे गरम ड्रायरमध्ये टाका आणि गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघा. सापडली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. बसण्याआधी तीन-तीन पानांची चकचकीत वेलही बघा. पॉयझन आयव्ही बिब्ब्याच्या आणि काजूच्या कुळातली. कोकणात बिब्बा उतलेला माणूस बघितला असेल तर जास्त सांगायला नको.

दारात आलेली टर्की

वसंतात उपनगरातला नर गाडीच्या चकचकीत दारात स्वतःला बघतो आणि दुसरा नर समजून टोचा मारतो. अशा वेळी त्याचे फोटो खिडकीतून काढा, पण काढून झाल्यावर दारावर चादर टाका, नाहीतर तो रोज येईल. वाट अडवून उभा राहिला तर मागे हटू नका. टर्क्यांत मानाची उतरंड असते, आणि घाबरलेला माणूस त्यांच्या लेखी सर्वांत खालच्या पायरीवर. मोठ्याने बोला, पुढे चालत जा, छत्री उघडा.

आईने यातलं काही वाचलं नव्हतं. आमच्या अंगणात नराने पोस्टमनला मेलबॉक्सपाशी कोंडला, तेव्हा ती खराटा घेऊन बाहेर गेली आणि चिपळुणी आवाजात "हाऽड!" म्हणाली. नर पंखा मिटून कुंपणाकडे निघाला. माझ्याकडे त्याचाही फोटो आहे. पाठमोरा.